सिमेंट प्रकरण (१९८१-८२)

महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री बॅ. ए. आर. अंतुले यांना जे प्रकरण भोवलं, ते हे. त्या वेळी सिमेंट सरकारी कोट्यावर मिळायचं, खुल्या बाजारात टंचाई. बिल्डरांनी अंतुले यांच्या ट्रस्टला दिलेल्या देणग्या आणि त्यांना मिळालेलं सिमेंट यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला. जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

१९८४ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, गैरवापराचा आरोप असलेलं पद सुटलं की खटल्याला सरकारी मंजुरी लागत नाही. २०१८ च्या कायदादुरुस्तीने मात्र माजी लोकसेवकांसाठीही ती सक्तीची झाली.

निराधारांना पेन्शन देणारी संजय गांधी निराधार योजनाही अंतुले यांच्याच काळातली. आम्ही दोन्ही गोष्टी लक्षात ठेवतो. माणूस आपला असला, तरी हिशेब मागायचाच.