अग्निशामकांमधील आघातोत्तर ताण
आग, स्फोट वा अपघातातील बचावकार्यात मृत्यू वारंवार जवळून पाहिल्याने जवानांत उद्भवणारा मनोविकार (पहा : मनोविकार). अमेरिकी वर्गीकरणात हे निदान १९८० मध्ये आले. झळ मात्र जुनीच.

मुंबई गोदीतील स्फोटात १४ एप्रिल १९४४ रोजी ६६ अग्निशामक गेले (पहा : अग्निशमन सेवा दिन). मुंबईतल्याच काळबादेवीच्या २०१५ मधील आगीने प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकरांसह चार अधिकारी हिरावले. यवतमाळशेजारच्या वर्धा जिल्ह्यात, पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी आग विझवणारेही मृत्युमुखी पडले.

जळका वास येताच प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहणे, घंटा वाजताच छाती धडधडणे, झोपमोड, चिडचिड, व्यसन ही लक्षणे.

यवतमाळसारख्या लहान शहरात ढिगाऱ्याखालचा चेहरा ओळखीचा निघू शकतो. तिथे समुपदेशन निकडीचे. त्यासाठी टेलि-मानसची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.