कलाशाळा की विद्यापीठ?

१८५७ हे साल उत्तर हिंदुस्थानातील रणधुमाळीमुळे सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच साली मुंबईत विद्येच्या दोन संस्था उदयास आल्या, ही गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. मार्च महिन्यात सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून चित्रकलेचे वर्ग सुरू झाले आणि जुलैमध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. चित्रकलेचे ते पहिले वर्ग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये, म्हणजे एका विद्यालयाच्याच छपराखाली भरले होते. पुढे १८७८ साली कलाशाळेला स्वतःची इमारत मिळाली. विद्यापीठाशी ती संलग्न झाली ती मात्र थेट १९८१ साली. एकाच शहरात, एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन संस्थांना एका उंबरठ्याखाली येण्यास १२४ वर्षे लागली.

या दुराव्याची खूण भाषेतही उमटली आहे. विद्यापीठाच्या ज्या शाखेला लोक ‘कला शाखा’ म्हणतात, तीत इतिहास, तर्कशास्त्र, वाङ्मय हे सारे असते. कुंचला तेवढा नसतो. ज्याचा हात चांगला चालतो, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांत ज्याने चांगली श्रेणी मिळवली आहे, अशा मुलाच्या घरी मॅट्रिकनंतर जो वाद होई, त्याचे मूळ येथेच होते. कलाशाळेत गेला तर पदविका मिळे, पण मुलगा पदवीधर म्हणवत नसे. महाविद्यालयात गेला तर पदवी मिळे, पण हात थंडावे. वडिलांना नोकरीची चिंता आणि मुलाला हाताची. दोघांचीही चिंता खरीच होती.

कलाशाळेची बाजू दुबळी होती असे मुळीच नाही. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली तेथील विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. प्राचीन भारताचा इतिहास त्यांनी पुस्तकातून वाचला नाही, रेषेरेषेने हातातून गिरवला. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली या शाळेत आले, तेथेच शिकले आणि तेथेच गुरुजी झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आठवणींच्या ग्रंथाचे नावच पुरेसे बोलके आहे. एका विद्येला आयुष्य वाहिले म्हणजे काय साधते, याचा तो दाखला होय.

तथापि काहींना एकच वाट पुरेशी वाटली नाही. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे यांचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. १९१० साली जन्मलेले बेंद्रे इंदूरच्या चित्रशाळेत दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांच्या हाताखाली तयार झाले. परंतु त्यांनी विद्यापीठही सोडले नाही. १९३३ साली त्यांनी आग्रा विद्यापीठाची बी. ए. ही पदवी घेतली आणि १९३४ साली मुंबईची कलेची सरकारी पदविका. निवड करण्याऐवजी त्यांनी दोन्ही ओझी खांद्यावर घेतली. ज्याच्या अंगी तेवढी उमेद आणि घरी तेवढी सोय असेल त्यालाच हे साधणार, हे उघड आहे. इतरांचे काय?

या प्रश्नाला एक उत्तर बडोद्याने दिले. कारागिरीच्या शिक्षणाची परंपरा त्या नगरीत जुनी होती. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० साली तेथे कलाभवन उघडले आणि मुंबईच्या कलाशाळेत शिकून आलेले दादासाहेब फाळके याच कलाभवनात पुढील शिक्षणासाठी दाखल झाले. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांच्या कारकिर्दीत, १९५० साली, ललितकलांना विद्यापीठाची एक विद्याशाखा म्हणून स्थान मिळाले. विज्ञान किंवा कायदा जसा विद्यापीठात, तशी चित्रकला आणि शिल्पकलाही विद्यापीठात. आणि विद्यार्थ्याच्या हाती पदविका नव्हे, तर पदवी.

तेथे चित्रकला विभागाचे प्रमुख म्हणून आले ते बेंद्रेच. स्वतः दोन दारे ठोठावून मिळवलेली विद्या पुढच्या पिढीला एकाच दारात मिळावी, अशी ही संधी होती. १९६६ सालापर्यंत ते बडोद्यास राहिले. शिल्पकलेची धुरा शंखो चौधुरी यांच्याकडे होती. १९५१ साली के. जी. सुब्रमण्यन् येऊन मिळाले. तेही मूळचे अर्थशास्त्राचे विद्यार्थी. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास घडला, सरकारी महाविद्यालयांची दारे बंद झाली, म्हणून ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात गेले होते.

केवळ पदवी दिली म्हणून बडोद्याचा प्रयोग महत्त्वाचा ठरत नाही. तेथे कलेचा इतिहास आणि कलासमीक्षा यांना कार्यशाळेच्या शेजारी जागा मिळाली, हे महत्त्वाचे. विद्यार्थ्याने सकाळी माती मळावी आणि दुपारी शिल्पाच्या परंपरेवरील व्याख्यान ऐकावे, अशी ती कल्पना. तिची फळे ठळक आहेत. गुलाममोहम्मद शेख तेथे चित्रकला शिकले, तेथेच कलेचा इतिहास शिकवू लागले आणि गुजराती कवी म्हणूनही नावाजले. व्यवसायाने हिशेबतपासनीस असलेले भूपेन खक्कर १९६२ साली मुंबईहून बडोद्यास आले ते कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमासाठी, आणि पुढे आले ते थोर चित्रकार म्हणून. केवळ हाताची परीक्षा घेणाऱ्या शाळेत अशा माणसाला कोणत्या वर्गात बसवले असते?

मात्र नाण्याला दुसरी बाजूही आहे. हात तयार व्हायला तास लागतात आणि दिवसाचे तास काही वाढत नाहीत. व्याख्याने, निबंध, परीक्षा यांत जो वेळ जातो, तो रेखाटनातून वजा होतो. चित्र काढण्याआधी चित्राविषयी बोलण्याची सवय लागणे हा विद्यापीठातील कलाशिक्षणाचा खरा धोका होय. उलट जगाची ओळख नसलेला हात कितीही सफाईदार असला तरी काल शिकलेलेच आज गिरवीत राहतो. तो कलाशाळेचा धोका. दोन्हीकडे काहीतरी द्यावे लागते, तेव्हा काहीतरी मिळते.

आता संस्थांची नावे बदलली आहेत. मुंबईच्या त्या जुन्या कलाशाळेला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १८५७ साली जी विद्यापीठाची शेजारीण होती, ती आता स्वतःच विद्यापीठ झाली. म्हणून पूर्वीचा वाद मिटला, असे मात्र नव्हे. तो घराबाहेरून घरात आला, एवढेच. निवड करणाऱ्या मुलाने आणि त्याच्या वडीलधाऱ्यांनी दारावरची पाटी वाचून थांबू नये. कार्यशाळा संध्याकाळीही उघडी असते काय, ग्रंथालयातील पुस्तकांना रंगाळलेल्या बोटांचे डाग पडलेले दिसतात काय, शिकवणारे गुरुजी स्वतः अजून चित्र काढतात काय, हे आत जाऊन पाहावे. बेंद्रे यांनी आधी दोन्ही विद्या स्वतः कमावल्या, मगच इतरांसाठी त्या एका अंगणात आणण्याच्या कामाला हात घातला. ज्याला असे अंगण सापडणार नाही, त्याने जी वाट धरली तिच्यावर चालताना दुसरीची भूक मरू देऊ नये. हाताने वाचावे आणि डोळ्यांनी विचार करावा, हे व्रत कोणत्याही प्रमाणपत्रावर अवलंबून नसते.