वापीकाका आणि चपला झिजवणारा देव

आमच्या घरी वेताळ वापीहून यायचा. बसने, एका बुकिंग क्लार्कच्या कापडी पिशवीतून. 1969-70 ची गोष्ट, मी दहा-अकरा वर्षांचा. अण्णा सिल्वासात मराठी शाळेवर मास्तर. आजूबाजूला गुजराती, वारली, धोडिया, आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजून थोडी पोर्तुगीज. 2 ऑगस्ट 1954 ला गाव मोकळं झालं त्याला पंधरा वर्षं होऊन गेली होती, तरी चर्चजवळच्या म्हाताऱ्या एकमेकींना ‘बोंदिया’ म्हणायच्या. छापील मराठी मात्र सोळा-सतरा किलोमीटरवरच्या वापी स्टेशनातून यायची, आणि ती आणणारे वापीकाका.

त्यांचं आडनाव ‘कर’ने संपणारं, अलिबागकडच्या एका गावावरून पडलेलं. अण्णा वेंगुर्ल्याकडचे, म्हणजे दोघंही कोकणातले. परमुलखात एवढं पुरतं. सहीत पहिलं अक्षर ‘एस’ असायचं. आईने मनाशी सदाशिव धरलं होतं.

पिशवीतून केळी, कधी वर्तमानपत्र आणि माझ्यासाठी इंद्रजाल कॉमिक्स निघायचं. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च 1964 मध्ये ही मालिका सुरू केली. पहिले बत्तीस अंक सगळे एकाच नायकाचे: अंगाला घट्ट बसलेले कपडे, डोळ्यांवर मुखवटा, बोटात कवटीची अंगठी. मूळ इंग्रजीत तो फँटम. बंगालीत त्याचा अरण्यदेव झाला, मराठीत वेताळ. हे नाव ज्याला सुचलं त्या भाषांतरकाराला मी अजून मनातल्या मनात नमस्कार करतो, कारण आमच्या आईने तो अंक पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती हसून म्हणाली, “आमच्या वेतोबाक चपला व्हावतत. ह्येना बूट खंयसून हाडल्यान?”

वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा, जयवंत दळवींच्या गावचा. रात्री गावाच्या सीमेवरून फिरून राखण करतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून नवसाला हातभर लांबीच्या चामड्याच्या चपला वाहायच्या. आणि इंग्रजीतल्या फँटमचं बिरुद काय, तर चालणारं भूत! शहरात जाताना तो ओव्हरकोट चढवतो आणि वॉकर हे आडनाव सांगतो, तेही त्या चालण्यावरूनच. भाषांतरकाराला हे सगळं माहीत असेलच असं नाही. नाव मात्र असं बसलं की कितीतरी दिवस मी त्या माणसाला आमच्याच देवस्थानचा समजत होतो. धर्म कुठला, हा प्रश्न मनात येण्याचं कारणच नव्हतं.

वापीकाकांचं कोडं मात्र आईला पडलं होतं. रेल्वेत आठवड्याची रेस्ट मिळते. सगळे रविवारसाठी भांडायचे, हे शनिवार मागून घ्यायचे. मग शनिवारी तरी सिल्वासाला यावं? नाही. मोकळ्या दिवशी घरात बसून राहायचे आणि ड्यूटी करून दमलेले असताना मंगळवारी यायचे. “शनीचं काही असेल,” अण्णा म्हणायचे. आईला ते पटेना, कारण दुसरं कोडं ताटात होतं. काका रावस खायचे, पापलेट खायचे, आणि कोळंबीचं कालवण पुढे आलं की, “वहिनी, आज भातावर ताकच द्या.” मुशी नाही, शिंगाळा नाही, कुर्ल्या तर नाहीच. ब्राह्मण म्हणावं तर रावसावर आडवा हात. एकदा मटणाचं जेवण झालं, आईने नेहमीसारखा चहा टाकला, तर हे कोराच प्यायले. पावसाळा संपता संपता एक डबा यायचा, त्यात गव्हाच्या चिकाचा हलवा, नारळाच्या दुधातला. “नव्याचा सण होता आमच्याकडे,” एवढंच सांगायचे. आईला वाटलं, नवान्न पौर्णिमा असेल.

उलगडा झाला तो कॉमिक्समुळे. वेताळाच्या बऱ्याच गोष्टी एकाच चित्राने सुरू व्हायच्या: चाचांनी जहाज बुडवलंय, एकच माणूस वाहत किनाऱ्याला लागलाय, साल 1536. पहिला वेताळ तो. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो आणि पिढ्यानपिढ्या मुलगा बापाची जागा घेत जातो. ते पान मी मोठ्याने वाचत होतो. काका ओटीवर बसले होते. म्हणाले, “आमचंही असंच. जहाज फुटलं. सात बाया, सात बाप्ये वाचले.”

नवगाव हे अलिबागजवळचं बंदर. तिथल्या किनाऱ्यावर लागलेल्या सात जोडप्यांचे वंशज म्हणजे कोकणचे यहुदी, बेने इस्रायल, असं त्यांची परंपरा सांगते. पोथ्या समुद्रात गेल्या, भाषा गेली. उरलं एक वाक्य, ‘शेमा’: इस्रायला ऐक, परमेश्वर एक आहे. बारसं असो, लग्न असो की मयत, तेच एक म्हणायचं. पोटासाठी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. आडनावं गावांवरून घेतली: किहीमकर, चेऊलकर, दिवेकर, अष्टमकर, रोहेकर. नावंही मराठी वळणाची झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर घरचे सामाजी हसाजी होते. त्यांनी 1796 मध्ये मांडवीला मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. तिथला रस्ता मात्र सॅम्युएल स्ट्रीट झाला.

सणांची गंमत मला सगळ्यात आवडते. वर्षारंभाचा रोश हशाना, तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा योम किप्पूर, दारं लावून बसायचं, म्हणून दारफळणीचा सण. यहुद्यांचं प्राचीन देऊळ पडल्याच्या दुखवट्याला बिरडं करायचं, तो बिरड्याचा सण. फँटमचा वेताळ व्हावा तसंच हे, फक्त इथे भाषांतरकार कुणी एक नाही. कैक पिढ्यांच्या बायकांनी चुलीपुढे बसून केलेलं ते भाषांतर आहे. एकोणिसाव्या शतकात तर मोझेस आणि डेव्हिडच्या आख्यानांवर मराठीत कीर्तनं झाली.

मग हे लोक यहुदी आहेत हे ओळखलं कसं? परंपरा म्हणते, डेव्हिड रहाबी नावाचा एक जाणता यहुदी कोकणात आला. त्याने इथल्या बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले-पर असलेले मासे एकीकडे केले आणि बाकीचे बाजूला सारले. नाव विचारलं नाही, वंशावळ विचारली नाही, टोपली ठेवली. हे काकांकडून ऐकताना आईचा चेहरा मला आठवतो. “म्हणजे कोळंबी!” ती एवढंच म्हणाली.

वेताळाचा कर्ता ली फॉक, हे मी कॉलेजात वाचलं. तो सेंट लुईसचा, 1911 चा जन्म, जन्मनाव लिऑन ग्रॉस. घर यहुदी, हे मात्र खूप नंतर कळलं. त्याने जादूगार मँड्रेक 1934 मध्ये आणला आणि फँटम 1936 मध्ये. त्या पिढीत नावं बदलण्याची जणू साथच होती. जेकब कर्ट्‌झबर्गचा जॅक कर्बी, स्टॅनली लीबरचा स्टॅन ली, बॅटमॅनवाल्या रॉबर्ट कानचा बॉब केन. सुपरमॅनवाले जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी नावं ठेवली, पण 1938 मध्ये त्यांनी जो नायक काढला तो दिवसा चष्मा लावून क्लार्क केंट म्हणून वावरतो. आपल्याकडे तरी काय वेगळं? ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पडद्यावर फक्त डेव्हिड लागायचं आणि सगळा महाराष्ट्र त्यांना ख्रिस्ती समजायचा.

या कॉमिक्सवाल्या मंडळींच्या नायकांत दडलेला यहुदी धर्म हुडकण्याचा आता एक उद्योगच झाला आहे. सुपरमॅन म्हणजे टोपलीत घालून सोडलेला मोझेस. त्याचं मूळ नाव काल-एल, त्यातलं ‘एल’ म्हणजे हिब्रूत देव. ऐकायला छान आहे. पण 1939 च्या वर्तमानपत्री चित्रपट्टीत बापाचं नाव नुसतं जोर आणि पुढे ‘एल’ हे एक इंग्रजी अक्षर, एवढंच होतं. ‘ई’ लावून ते लिहिलं 1942 च्या कादंबरीत, आणि ती जॉर्ज लोदरची, सीगलची नव्हे. आणि टोपलीच म्हणाल तर आमचा कर्ण आधी सोडलेला आहे. नावावर गेलं की असं होतं. नावावरून आई सदाशिव धरून बसली होती!

मला खरा वाटतो तो बेन ग्रिम, फँटॅस्टिक फोरमधला दगडी अंगाचा थिंग. स्टॅन ली आणि कर्बीने तो 1961 मध्ये काढला. धर्माचा उल्लेख नाही, पण तो यॅन्सी स्ट्रीटचा, आणि कर्बी वाढला त्या न्यूयॉर्कच्या गरीब यहुदी वस्तीतला रस्ता डिलॅन्सी स्ट्रीट. बोलणं, चिडणं, गल्लीतल्या पोरांशी भांडणं सगळं तिथलं. आपल्या घरी कर्बी त्याला यहुदीच मानायचा. छापून यायला एक्केचाळीस वर्षं लागली. 2002 च्या एका अंकात (मुलाने अमेरिकेहून आणलेल्या गठ्ठ्यात मी तो वाचला) बेन जुन्या गल्लीत जातो. ओळखीचा सावकार जखमी होऊन पडलाय, मेलाच असं वाटतं. आणि हा दगडी माणूस गुडघ्यावर बसून आठवून आठवून प्रार्थना म्हणतो. कुठली? शेमा. सावकार शुद्धीवर येऊन विचारतो, लपवलंस का, लाज वाटते का? तो म्हणतो, लाज नाही. जगात आधीच पुरे झालंय, त्यात यहुदी म्हणजे माझ्यासारखे राक्षस असं लोकांना वाटायला नको.

ते पान वाचून मी अंक मिटला. नवगावच्या किनाऱ्यावर पोथ्या बुडाल्यावर जे एक वाक्य उरलं, तेच इथेही उरलं होतं.

तर माझा नियम ठरला: नाव सोडा, टोपली ठेवा. सुट्टीचा वार पाहा. बरीच वर्षं मी हे ऐटीत सांगत असे. पण पोर्तुगीजांच्या जुन्या मुलखात राहणाऱ्याने हे ऐटीत सांगू नये. हाच नियम गोव्याच्या इन्क्विझिशनचाही होता. शनिवारी धुतलेले कपडे कोण घालतं, डुकराचं मांस कोण टाळतं, यावर शेजाऱ्यांनी नजर ठेवायची आणि कळवायचं. गार्सिया द ओर्ता हा वैद्य, त्याने 1563 मध्ये गोव्यात वनौषधींवर ग्रंथ छापला, नावाने आणि पोशाखाने ख्रिस्ती. 1568 मध्ये तो सुखाने मेला. पुढल्या वर्षी बहिणीला जिवंत जाळलं. घरच्यांच्या कबुलीजबाबांतून त्याचं यहुदीपण बाहेर आलं आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. रहाबीची टोपली आणि न्यायाधीशाची नोंदवही यांत परीक्षा एकच आहे. माणूस कोण आहे हे विचारण्यामागे काय हेतू आहे, एवढाच फरक.

बेने इस्रायलांना ही परीक्षा पुन्हाही द्यावी लागली. इस्रायलमध्ये गेल्यावर तिथल्या धर्मगुरूंनी शंका काढली: यांच्याशी सोयरीक चालेल का, आजी-पणजीपर्यंत चौकशी करा. मोर्चे निघाले, धरणी झाली. शेवटी 1964 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने, हे लोक सर्वार्थाने यहुदी आहेत, असा निर्वाळा दिला. मार्चमध्ये आपल्याकडे पहिला इंद्रजाल आला होता. तो जुळवून पाहायचा मोह मी टाळतो. नाहीतर मीही काल-एलवाल्यांतलाच.

इंद्रजालवाल्यांचीही ओळख पुसण्याची आपली रीत होती. मूळ गोष्टीतले चाचे ‘सिंग’ होते, इथे कुणाला लागू नये म्हणून ‘सिंगा’ झाले. वेताळाच्या जंगलाच्या देशाचं नाव बंगालच्या फार जवळचं वाटतं म्हणून ते डेंकाली झालं. आणि 1976 मध्ये अस्सल देशी नायक हवा म्हणून बहादूर आला. त्याला केशरी कुडता आणि खाली जीन्स. निर्माते आबिद सुरती. त्या कुडत्याचा रंग आणि निर्मात्याचं नाव शेजारी ठेवून कुणी काही बोललं नव्हतं. आज बोलतील.

वापीकाका 1973 च्या सुमारास इस्रायलला गेले. जाताना अंकांचा गठ्ठा शेजाऱ्याकडे ठेवून गेले होते, तो आणायला अण्णांनी मला बसने वापीला नेलं. रेल्वे क्वार्टरला नवं कुलूप होतं आणि दाराला नुकताच हिरवा रंग दिलेला. उजव्या चौकटीवर, माझ्या डोक्याच्या थोडं वर, दोन खिळ्यांची भोकं होती. एक वर, एक बोटभर खाली, सरळ रेषेत नाही, तिरकी. तिथे काकांची एक बारकीशी नळी ठोकलेली असायची. येता-जाता ते तिला बोट लावून बोट ओठांना लावायचे आणि मी समजायचो ती त्यांची थर्मामीटरची डबी. रंगाऱ्याने भोकं बुजवली नव्हती, वरूनच ब्रश फिरवला होता. मी बोट लावलं. रंग ओला होता.