वास्तव्य आणि स्वामित्व : जॉन अमागोआलिक यांचे राजकीय कार्य

निर्जन भूमीवर केवळ नकाशातील रेषेने राज्याचा अधिकार दृढ होत नाही. तेथे प्रजेचे वास्तव्य असावे लागते. कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय धोरणातील या विचाराची झळ जॉन अमागोआलिक यांना बालपणीच लागली. पुढे तोच विचार त्यांच्या पिढीने इनुइट समाजाच्या हक्काचा आधार म्हणून मांडला. अमागोआलिक यांच्या कार्याचे मर्म येथेच शोधावे लागते.

त्यांचा जन्म १९४७ साली क्वेबेक प्रांताच्या उत्तरेस, इनुकजुआकनजीक झाला. १९५३ साली शासनाने तेथील काही इनुइट कुटुंबांना सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेस रेझोल्यूट बे आणि एल्समीअर बेट येथे नेऊन वसविले. अमागोआलिक यांचे कुटुंब रेझोल्यूट बे येथे उतरले. विपुल शिकारीचे व दोन वर्षांनी परतण्याचे आश्वासन देण्यात आले होते. परंतु परतीचे वचन पाळले गेले नाही. कित्येक आठवडे सूर्य न उगवणारा हिवाळा या लोकांना सर्वस्वी अपरिचित होता. स्थलांतराचा हेतू लोकहिताचा होता की द्वीपसमूहावरील कॅनडाचा ताबा दर्शविण्याचा, यावर पुढे दीर्घ वाद झाला.

इनुइट टॅपिरीसॅट ऑफ कॅनडा ही संघटना १९७१ साली स्थापन झाली. १९८० नंतरच्या दशकात अमागोआलिक तिचे अध्यक्ष होते. भूमीवरील हक्क आणि स्वतंत्र प्रदेश या दोन्ही मागण्या एकत्रच मान्य व्हाव्यात, हा या चळवळीचा आग्रह होता. १९८२ च्या सार्वमतात सुमारे ५६ टक्के मतदारांनी वायव्य प्रदेशाच्या विभाजनास अनुमती दिली. २५ मे १९९३ रोजी झालेल्या करारान्वये इनुइटांना सुमारे ३,५०,००० चौरस किलोमीटर भूमीचे स्वामित्व व एक अब्ज डॉलरहून अधिक निधी मिळाला. द्वीपसमूहाच्या जलक्षेत्रावरील कॅनडाच्या सार्वभौमत्वास इनुइटांच्या वापराचा व वास्तव्याचा आधार आहे, असे याच कराराने स्पष्टपणे नमूद केले. मात्र त्याचे मूल्यही मोठे होते : भूमीवरील परंपरागत आदिम हक्क इनुइटांना सोडून द्यावा लागला.

त्यानंतर अमागोआलिक नव्या शासनाची रचना सुचविणाऱ्या आयोगाचे प्रमुख झाले. प्रत्येक मतदारसंघातून एक स्त्री व एक पुरुष निवडावा, ही आयोगाची सूचना १९९७ च्या सार्वमतात फेटाळली गेली. १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत, म्हणजे 'आपली भूमी', हा प्रदेश अस्तित्वात आला. त्याचे शासन केवळ इनुइटांचे नसून सर्व रहिवाशांचे आहे. इनुइटांच्या बहुसंख्येमुळे मात्र त्यांचा प्रभाव त्यात स्वाभाविकपणे राहतो. 'नुनावुतचे जनक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमागोआलिक यांनी पहिल्या विधानसभेचे सदस्यत्व वा मुख्यमंत्रिपद स्वीकारले नाही. ते पद पॉल ओकालिक यांच्याकडे गेले.

१९५३ च्या स्थलांतराबद्दल शासनाने क्षमायाचना केली ती २०१० साली. प्रदेशाची निर्मिती आधी आणि अन्यायाची कबुली नंतर, हा क्रम अर्थपूर्ण आहे. ज्यांचे वास्तव्य राज्याने स्वतःच्या सोयीसाठी वापरले, त्यांनी त्याच वास्तव्याचे मोल राज्याकडून लेखी मान्य करून घेतले. या यशाचे मूल्यमापन करताना सोडून दिलेल्या हक्काची नोंदही इतिहासकाराने त्याच पानावर ठेवली पाहिजे.