शेवटचा बार

नेमबाजीचें नांव काढलें कीं आपल्या मनापुढें तीक्ष्ण नजर आणि निष्कंप हात उभा राहतो. पण ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत जे पोंचतात, त्या सर्वांपाशीं या दोन्ही गोष्टी असतातच. मग ऐन वेळीं एकाचा बार मधोमध बसतो आणि दुसऱ्याचा ढळतो, तो कां? याचें उत्तर मला मॅथ्यू एमन्स या अमेरिकन नेमबाजांच्या हकीकतींत दिसतें. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसला ज्या प्रकारांत कांस्यपदक मिळविलें, त्याच प्रकारांतली ही कथा आहे. निशाण ५० मीटरांवर; पालथें पडून, गुडघा टेकून आणि उभें राहून असा तीन तऱ्हांनीं नेम धरावयाचा. दहा गुणांचें वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटर रुंद. उभ्यानें नेम धरला म्हणजे हृदयाच्या ठोक्यानेंहि नळी हालते, आणि त्या काळीं अंतिम फेरीचे दहाहि बार उभ्यानेंच काढावे लागत.

२२ ऑगस्ट २००४ चा दिवस, स्थळ अथेन्स. कांहीं महिन्यांपूर्वीं कोणींतरी एमन्सांची बंदूक मुद्दाम बिघडवून ठेवली होती. मागून आणलेल्या बंदुकीनें त्यांनीं दोनच दिवसांपूर्वीं पालथ्या नेमाचें सुवर्णपदक जिंकलें होतें. आज नऊ बार झाले, तेव्हां ते तीन गुणांनीं पुढें होते. शेवटच्या बाराला ७.२ गुण पुरले असते. त्यांच्यासारख्याला ते डाव्या हाताचें काम. त्यांची नेहमींची रीत अशी कीं, आधीं दुर्बिणींतून निशाणावरचा क्रमांक पाहावयाचा, मग नळी खालीं आणावयाची. त्या एका बाराला मात्र मन शांत ठेवण्याच्या खटपटींत क्रमांक पाहावयाचा राहिला. बार सुटला, पण पडद्यावर गुण उमटेनात. आपण बार काढला आहे, असें ते पंचांना खुणावूं लागले. गोळी शेजारच्या निशाणावर लागली होती! गुण शून्य, एमन्स एकदम आठवे.

येथें क्षणभर थांबावेंसें वाटतें. घाबरलों तर चुकूं, असें आपण समजतों. एमन्स चुकले ते न घाबरण्याच्या प्रयत्नांत! लक्ष स्वतःकडे वळलें आणि डोळ्यांचें रोजचें काम तेवढें राहून गेलें. (त्याच संध्याकाळीं कातेरिना कुर्कोव्हा या चेक नेमबाज बाई त्यांचें सांत्वन करावयास आल्या, २००७ सालीं दोघांचा विवाह झाला. पराभवाच्या खात्यावर एवढी जमा क्वचितच पडते.)

आपले अभिनव बिंद्राहि अथेन्सला हवेच्या बंदुकीच्या अंतिम फेरींत तिसरे म्हणून शिरले आणि सातवे म्हणून बाहेर पडले. त्यांनीं निराळी वाट धरली. भीति घालविण्याऐवजीं तिच्याशीं ओळख करून घेण्यासाठीं ते बीजिंगपूर्वीं जर्मनींत ४० फूट उंच खांबावर चढले. ११ ऑगस्ट २००८ रोजीं शेवटच्या बारापूर्वीं ते आणि फिनलंडचे हेन्री हक्किनेन अगदीं बरोबरीवर होते. बिंद्रांनीं १०.८ मारले; हक्किनेनांचे ९.७ पडले आणि ते तिसऱ्या क्रमांकावर घसरले.

सहाच दिवसांनीं त्याच शहरांत एमन्स पुनः शेवटच्या बारापाशीं उभे होते, आणि पुनः तीन गुणांहून अधिक आघाडीवर! या वेळीं क्रमांक अचूक होता. पण नळी निशाणावर उतरत असतांनाच बोट चापाला लागलें आणि बार अवेळीं सुटला. ६.७ पुरते, मिळाले ४.४. क्रमांक चौथा.

२०१० सालीं त्यांना कंठग्रंथीच्या कर्करोगानें गांठलें. तरी २०१२ सालीं लंडनला ते तिसऱ्यांदा त्याच फेरींत होते. शेवटच्या बारापूर्वीं दुसरे. बार पडला ७.६. रौप्यपदक गेलें; कांस्य मात्र हातीं राहिलें.