पेटंटं खुली झाली, पण कुठे?

एमएस्सीला ट्रान्झिस्टरचा इतिहास मी एका ओळीत पाठ केला होता: डिसेंबर १९४७, बेल लॅब्ज, बार्डीन, ब्रॅटन आणि शॉक्ली, १९५६चं नोबेल. त्याच १९५६ मध्ये बेलविरुद्धचा एक मोठा खटला मिटला आणि त्यात ट्रान्झिस्टरची पेटंटंसुद्धा फुकट द्यावी लागली, हे मला पीएचडीला आल्यावर कळलं. संशोधनाचा प्रश्न कसा विचारायचा, हे मी या खटल्यावरून शिकलो. म्हणून आज त्याच्याबद्दल.

आधी पार्श्वभूमी बघू. तेव्हा अमेरिकेतले बहुतेक टेलिफोन एटी अँड टी, म्हणजे बेलच्या जाळ्यावर होते. या जाळ्यातल्या फोन कंपन्यांना लागणारी उपकरणं वेस्टर्न इलेक्ट्रिक बनवायची, आणि तीही बेलचीच. म्हणजे विकणारा घरचा आणि घेणाराही घरचा. बाहेरच्या उत्पादकानं कितीही चांगलं उपकरण बनवलं तरी ते विकायचं कुणाला? १९४९ मध्ये अमेरिकी सरकारनं मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा दाखल केला. मागणी होती, वेस्टर्न इलेक्ट्रिक बेलपासून वेगळी करा.

शेवटी २४ जानेवारी १९५६ रोजी तडजोड झाली आणि न्यायालयानं तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. वेस्टर्न इलेक्ट्रिक बेलकडेच राहिली. त्याच्या बदल्यात बेलनं दोन गोष्टी मान्य केल्या. एक, दूरसंचार सेवा आणि सरकारी कामं सोडून इतर धंद्यात शिरायचं नाही. दोन, तोवरच्या सगळ्या पेटंटांचे परवाने रॉयल्टी न घेता द्यायचे. ही पेटंटं होती ७,८२०. याआधी ट्रान्झिस्टरच्या परवान्यासाठी कंपन्यांना २५,००० डॉलर आगाऊ भरावे लागत होते, हे लक्षात घ्या.

आता तुम्हाला विचारतो: यामुळे नवनिर्मिती वाढली का?

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचा प्रश्न असाच होता: 'पेटंट नवनिर्मितीला पोषक की मारक?' गाइडनी तो वाचला, समासात एकच शब्द लिहिला, 'कुठे?', आणि कागद परत दिला. खरं सांगतो, राग आला होता. तीन महिन्यांचं काम होतं ते.

त्या शब्दाचा अर्थ मला पुढे २०२० मध्ये आलेल्या वात्झिंगर आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधात सापडला. त्यांनी बेलच्या पेटंटांची तुलना त्याच काळातल्या, त्याच तंत्रक्षेत्रातल्या इतरांच्या पेटंटांशी केली. १९५६ नंतर कोणत्या पेटंटांचा आधार घेऊन जास्त नवे शोध लागले, हे त्यांनी सायटेशनवरून मोजलं. निष्कर्ष दोन भागांत आला. दूरसंचाराच्या बाहेरच्या क्षेत्रांत नवनिर्मिती वाढली आणि ही वाढ बराच काळ टिकली. पण ज्या दूरसंचार क्षेत्रातल्या मक्तेदारीसाठी खटला भरला होता, तिथं काहीच परिणाम दिसला नाही!

असं का झालं? कारण ज्ञान मोकळं झालं तरी बाजाराचं दार बंदच होतं. एक उदाहरण देतो. हश-ए-फोन नावाची एक साधी वस्तू होती. आपलं बोलणं शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून रिसीव्हरच्या तोंडाशी बसवायची वाटीसारखी. यात वीज नाही, तारा नाहीत. तीसुद्धा आपल्या फोनला लावायला बेलची मनाई होती. ती मनाई चुकीची ठरवायला अपील न्यायालयात जावं लागलं, आणि तो निकालही १९५६चाच. बाहेरची उपकरणं बेलच्या जाळ्याला जोडायची वाट पुढे १९६८च्या कार्टरफोन निर्णयानं मोकळी झाली. आता सांगा, वाटीला परवानगी नाही तिथं ७,८२० पेटंटं हातात घेऊन कुणी काय करणार?

याउलट संगणकाकडे बघा. त्या धंद्यात उतरायला बेललाच बंदी होती. त्यामुळे १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये सुरू झालेलं युनिक्स कंपनीला इतर सॉफ्टवेअरसारखं बाजारात विकता येईना. मग ते नाममात्र शुल्कात, सोर्स कोडसकट विद्यापीठांमध्ये गेलं, आणि बर्कलेसारख्या ठिकाणी त्यात मोठी भर पडली.

आजच्या डिजिटल प्लॅटफॉर्मबद्दलही हाच वाद चालू आहे. डेटा वाटायला लावला की स्पर्धा येईल, असं अनेकदा म्हटलं जातं. पण ॲप ज्या दुकानातून ग्राहकापर्यंत पोचतं ते दुकान प्रतिस्पर्ध्याचंच असेल, तर नुसत्या डेटानं काय साधणार? युरोपीय संघाच्या २०२२च्या डिजिटल मार्केट्स ॲक्टमध्ये दोन्ही प्रकारच्या तरतुदी आहेत: काही डेटा खुला करायचा, आणि दुसऱ्यांच्या ॲप स्टोअरनाही वाट द्यायची. १९५६ आठवलं की दुसरी तरतूद का लागते ते कळतं.

तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा एवढं करून बघा. 'परिणाम झाला का?' या वाक्याच्या समासात 'कुठे?' असं लिहा. प्रश्न बदलावा लागला तर वाईट वाटून घेऊ नका. माझे तीन महिने गेले, पण आत्ता चालू असलेला माझा प्रबंध त्याच एका शब्दावर उभा आहे.