मेहरौली

मेहरौली : जुन्या दिल्लीच्या दक्षिण-नैऋत्येस असलेले ऐतिहासिक नगर, आता महानगरातील गजबजलेली वस्ती. तोमरांचा लालकोट (अकरावे शतक) आणि चौहानांशी जोडला जाणारा किला राय पिथौरा याच परिसरात होते. सोबत्यांसह सहलीला येण्याची येथील रीत मोगलकालीन आहे.

कुतुबमिनार (उंची ७२.५ मी.) दिल्लीच्या सुलतानांपैकी ऐबकाने आरंभला, अल्तमशने वाढवला, वीज पडल्यावर फिरोजशहाने १३६८ मध्ये दुरुस्ती करून माथ्याचे मजले चढवले. तो विजयस्तंभ की अजानाचा मनोरा, याविषयी मतभेद आहेत. १९८१ च्या चेंगराचेंगरीनंतर आतला जिना बंद आहे. आवारातील लोहस्तंभ गुप्तकालीन. तो मुळात कोठे उभा होता, हे वादग्रस्त.

बहुतेक मंडळी मिनारापाशी छायाचित्रे काढून परततात. खरे मेहरौली त्यापुढे आहे. पुरातत्त्व उद्यानात बल्बनची पडकी कबर, जमाली-कमाली मशीद आणि लोदीकालीन ‘राजों की बावली’ पायी हिंडून पाहता येतात. गावाच्या तोंडाशी अधमखानाची अष्टकोनी कबर आहे. मंत्री अतगाखानाचा खून केल्याबद्दल अकबराने १५६२ मध्ये त्याला गच्चीवरून खाली फेकवले. भिंतींच्या जाडीतील वाटांमुळे लोक या इमारतीला ‘भूलभुलैया’ म्हणतात.

मराठी प्रवाशाने मात्र ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकींच्या दर्ग्यालगतचे मोगल कबरस्तान चुकवू नये. येथे बादशहा शाहआलम दुसरा पुरला आहे. अलाहाबादेत इंग्रजांच्या आश्रयाला असलेल्या या बादशहाला मराठ्यांनी १७७२ मध्ये दिल्लीच्या तख्तावर आणून बसवले; त्यात महादजी शिंदे प्रमुख होते. १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादरने लाल किल्ल्यात त्याचे डोळे काढले. महादजींच्या फौजेने दिल्ली सोडवली, आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवले आणि कादरला पकडून ठार केले. सप्टेंबर १८०३ मध्ये पटपडगंजच्या लढाईत इंग्रज सेनापती लेकने शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. शाहआलम १८०६ मध्ये वारला. दिल्लीतील मराठी अमलाचा इतिहास पानिपतापाशी थांबवणाऱ्यांनी ही कबर आवर्जून पाहावी. शेजारीच बहादूरशहा जफरने स्वतःसाठी राखलेली जागा रिकामी आहे. तो १८६२ मध्ये रंगूनला कैदेत वारला.

फूलवालों की सैर : दुसऱ्या अकबरशहाच्या काळात सुरू झालेला उत्सव. शहजादा मिर्झा जहांगीरची अलाहाबादेहून सुटका व्हावी म्हणून त्याच्या आईने नवस केला होता, अशी आख्यायिका. दरबार पावसाळ्यात जफर महालात मुक्कामाला येई, पाठोपाठ निम्मे शहर लोटे. आमरायांत झोके बांधले जात, हौज-ए-शमसीच्या काठी मेळा भरे. दर्ग्यावर फुलांची चादर आणि जोगमायेच्या देवळात फुलांचा पंखा वाहण्याचा प्रघात आजही पाळला जातो. इंग्रजांनी १९४२ मध्ये उत्सव बंद केला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस नेहरूंच्या पुढाकाराने तो पुन्हा भरू लागला. दोन्ही धर्मांच्या लोकांनी बरोबरीने हिंडण्याचा हा उत्सव मेहरौलीच्या कोणत्याही वास्तूइतकाच मोलाचा वारसा आहे.

दळणवळण : मेट्रोची पिवळी मार्गिका, कुतुबमिनार स्थानक.